‘सोड’साठी दुसरा शब्द

मंगळवार, ७ जानेवारी

आज डागाने सुरुवात झाली.

नाच शिकवणाऱ्या मिस पास्को मुलांना जागेवर गरागरा फिरवत होत्या आणि टाळ्या वाजवत ओरडत होत्या, ‘स्पॉट! स्पॉट!’ मीही तेवढ्याच जोरात तुर्कीत ओरडलो, ‘डाग! डाग!’ सगळे थांबले आणि आपापले कपडे तपासायला लागले. आल्पाय नावाचा उंच मुलगा माझ्याकडे पाठ करून म्हणाला, ‘होजाम, मागच्या बाजूला आहे का? मला दिसत नाहीये.’

हसण्याने आरसे हलले. मिस पास्कोंनी मग मला स्वतः फिरून दाखवलं. फिरताना भिंतीवरच्या एका जागी नजर रोवायची, म्हणजे भोवळ येत नाही. ‘नजर रोवा,’ मी सांगितलं. ते चाललं.

होजाम म्हणतात मला. मास्तर या अर्थाने, की कपाळावरची नमाजाची खूण बघून मशिदीतला होजा या अर्थाने, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

इथे येऊन बसायचं माझं वय नाही आणि ही माझी जागाही नाही. जन्मभर रेल्वे कारखान्यात इंजिनांची इंग्रजी पुस्तकं तुर्कीत आणली आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. शहराच्या नृत्यसंघाच्या प्रमुख मुअल्ला हानम घरी आल्या आणि म्हणाल्या, लंडनहून बाई आल्या आहेत, ईदनंतर त्यांचा नाच रंगमंचावर यायचा आहे, दुभाषी मुलगी लग्न करून अंकाराला गेली, तुम्हीच या. मला नाही म्हणता आलं नाही.

कुठे बघावं हेच कळत नाही. मुली अंगालगतचे कपडे घालतात. मी दिवसभर मिस पास्कोंच्या ओठांकडे बघत बसलो. शब्द तिथूनच निघतात, त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटणार नाही.

घरी बायकोने, हाजेरने, दार उघडलं आणि म्हणाली, ‘अहो, नाचाला गेला होतात की मयताला?’

शनिवार, ११ जानेवारी

रमजान लागला. उपास जड गेला नाही, पण काम जड जातंय.

मिस पास्को म्हणाल्या, ‘फॉल.’ मी म्हटलं, ‘पडा.’ आणि खोलीतली सगळी माणसं पडली. खांद्यावर, कुल्ल्यावर, तळहातांवर. फरशीचा दणका माझ्या खुर्चीच्या पायांतून वर आला. ती सगळी हसत उठली आणि पुढच्या शब्दाची वाट बघू लागली. मी मात्र पुढचा शब्द मनात दोनदा तपासून मगच बोललो.

कारखान्यात मी चुकीचा शब्द लिहिला तर तो आधी टंकलेखक बघायचा, मग इंजिनियर, मग मिस्त्री. मिस्त्री पुस्तक घेऊन वर यायचा आणि म्हणायचा, ‘बहात्तिन बे, तुमच्या म्हणण्याप्रमाणे केलं तर झडप माझ्या तोंडावर उडेल.’ मग आम्ही शब्द बदलायचो. शब्द आणि लोखंड यांच्यामध्ये एवढी माणसं होती. इथे कोणी नाही. माझ्या तोंडातून निघतो तो थेट कोणाच्या तरी गुडघ्यात जातो.

घरी येताना पावाच्या रांगेत उभा होतो. पुढचा माणूस म्हणाला, ‘सरका.’ मी इतका दचकलो की त्याने माझी माफी मागितली.

मंगळवार, १४ जानेवारी

मधल्या सुट्टीत मुलं चहा पितात, तेव्हा माझ्याकडे बघून ओशाळतात. ‘होजाम, माफ करा हं, आम्ही पापी.’ मी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतो, म्हणजे त्यांना निवांत पिता येतं. पण कान वळवता येत नाहीत.

नाचात एक जागा आहे. आल्पाय गुनसेलीला कमरेत धरून डोक्यावर उचलतो आणि ती वर आडवी होते, जशी एखादी फांदी. गुनसेली ही साखर कारखान्यातल्या मुझफ्फर उस्तांची मुलगी. उस्ता लेथवरचे कारागीर आहेत. आल्पायशी तिचा शब्द ठरला आहे, उन्हाळ्यात लग्न आहे. तिच्या गळ्यातल्या साखळीत अंगठी असते. नाचताना ती काढून माझ्याकडे सांभाळायला देते.

आज भिंतीकडे तोंड करून बसलो असताना ती मागे त्याला म्हणत होती, ‘आज वरचं नको ना करूया.’

‘गप गं. एकदा प्रयोग होऊन जाऊ दे, मग महिनाभर हात गळ्यात बांधून फिरतो.’

‘मुअल्ला हानमना सांगू?’

‘सांग की! दुसरा आणतील. मग तू त्याच्याशीच लग्न कर.’

लाडाचं भांडण. ऐकून जरा हसू आलं. हा मुलगा हल्ली मनगटाला रुंद चामडी पट्टा बांधतो आणि चहाचा पेला डाव्या हाताने धरतो. त्याच्या अंगाला आमच्या आईच्या गुडघ्यांना यायचा तसा मलमाचा वास येतो. पट्ट्याची आजकाल फॅशन दिसते. वासाची नसावी.

गुरुवार, १६ जानेवारी

काल लिहू शकलो नाही.

गुनसेली वर होती. मिस पास्को तिला म्हणाल्या, ‘रिलीज. रिलीज द नेक.’ त्यांना म्हणायचं होतं, मान ताठ धरू नको, सैल सोड. मला ते कळलं होतं. अल्लाची शपथ, मला कळलं होतं. पण तोंडातून फक्त पहिला तुकडा निघाला.

‘सोड!’

आणि आल्पायने तिला सोडलं.

तिचा आवाज झाला नाही. फरशीचा झाला. पोत्यासारखा नाही, दगडासारखाही नाही. मला त्या आवाजासाठी शब्द नको आहे.

कमरेचं हाड तडकलंय. पायांना स्पर्श कळतोय म्हणतात. उभी कधी राहील, राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत मुझफ्फर उस्ता कामाच्या कपड्यांतच बाकावर बसले होते. मी फाटकाबाहेर वाफेच्या गरम पाइपाजवळ उभा राहिलो आणि परत आलो. तिची अंगठी अजून माझ्या खिशात आहे.

इफ्तारची तोफ झाली तेव्हा खजूर तोंडात टाकला. गिळायला विसरलो.

शनिवार, १८ जानेवारी

दुपारी मुअल्ला हानम घरी आल्या. मिठाईचा डबा आणला होता. हाजेरने बसायला सांगितलं, तरी बराच वेळ उभ्याच होत्या.

‘बहात्तिन बे, तुम्ही स्वतःला खात बसू नका. भाषा आहे, चुकते.’

‘मी उस्तांना काय सांगू?’

‘जे झालं ते. शब्दाचा घोटाळा झाला. तुम्ही एक म्हणालात, मुलाने दुसरं ऐकलं. कोणाचाच दोष नाही.’ मग म्हणाल्या, ‘कोणी विचारलं तर एवढंच सांगा. यापेक्षा जास्त नको. खरं तेच आहे ना?’

‘हो,’ मी म्हटलं.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. इतकी करारी बाई, आणि डोळे पाण्याने भरले होते. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तर मला रस्त्यावर उभं केलं असतं.

मग मी तसाच साखर कारखान्याच्या फाटकाशी गेलो आणि पाळी सुटताना उस्तांना गाठलं. सांगितलं, माझ्या शब्दाने झालं. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जसं एखाद्या अवजाराकडे बघावं.

‘एका शब्दाने?’

‘एका.’

‘मी पण दिवसाला शंभर वेळा सोड म्हणतो कारखान्यात,’ ते म्हणाले. ‘कोणी क्रेनवरून ओझं टाकत नाही.’

आणि निघून गेले. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवार, २० जानेवारी

आता घरातही बोलायची भीती वाटते. हाजेर म्हणाली, ‘परात धरा,’ आणि मी ती इतकी घट्ट धरली की ती म्हणाली, ‘अहो, मला द्या की आता.’

दिवसभर या शब्दाभोवती फिरतोय. आमचा ‘बिराक’ फार सैल शब्द आहे. हात सोड, नोकरी सोड, विषय सोड, मला एकटं सोड, सगळ्याला तो एकच. आणि नकार तर आम्ही शेपटीला लावतो. ‘सोडू नकोस’ म्हणायचं तरी आधी ‘सोड’ येतं. ‘नकोस’ येईपर्यंत मुलगी खाली.

‘ढिलं कर’ म्हणावं, तर ते नटबोल्टचं झालं. ‘मोकळं कर’ म्हटलं की ही मुलं दात काढतील. ‘उकल’ म्हणजे गाठ आली, आणि मानेत गाठ नसते. मिस पास्कोंना काय हवंय? धरून ठेवू नको, पण टाकूनही देऊ नको. आहे तिथेच राहा, पण जोर न लावता. याला शब्द नसेल असं कसं होईल? माणसं हे करत नाहीत का?

आज दुपारनंतर अस्रच्या नमाजाला आमच्या मशिदीतले इमाम घाईत होते. रुकूत वाकून वर आलो न आलो तोच ते कपाळ टेकायला सजद्यात गेले. मी मागेच राहिलो. गावात आमचे होजा काठी घेऊन रांगेमागून फिरायचे आणि म्हणायचे, घाई नको रे, वर आलात की आधी प्रत्येक हाड आपल्या जागी बसू दे, मग पुढे. मी तसाच उभा राहिलो, एकटाच, सगळे जमिनीवर असताना. खांदे बसले. मान बसली. कोणी सोडलं नव्हतं, कोणी धरलंही नव्हतं.

जागी बसू दे. हाच तो शब्द.

बुधवार, २२ जानेवारी

पुन्हा गेलो. पाय नको म्हणत होते, पण अर्धवट सोडून पळालो तर त्या मुलांना ‘सोड’ तेवढाच आठवेल.

नवा शब्द सांगितला. तो कुठून आणला ते सांगितलं नाही. मुअल्ला हानमना मशिदीतलं काही खोलीत आलेलं चालत नाही, आणि सध्या देशात धर्मावरून वाराही तसाच आहे. मुलांनी करून बघितलं. ओमेर म्हणाला, ‘होजाम, मान बसली. आता मी पण बसू का?’ सगळे हसले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

मिस पास्कोंना मी समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान स्वतःच जागी बसवून बघितली आणि म्हणाल्या, ‘हा आमच्या शब्दापेक्षा बरा आहे.’ मग मला खिडकीशी नेलं. ‘त्या दिवशी,’ म्हणाल्या, ‘तुम्ही तोंड उघडलं त्याच्या आधीच ती खाली येत होती. मी बघत होते.’

मी मान हलवली. इंग्रज माणसं समोरच्याचं मन राखायला अशी सरळ तोंडाने गोड बोलतात. भल्या आहेत बाई.

त्यांनी हे मुअल्ला हानमनाही सांगायला सांगितलं. मी सांगितलं, पण स्वतःची सफाई दिल्यासारखं वाटून अर्धंच सांगितलं. मुअल्ला हानम म्हणाल्या, ‘बाईंना तिथून नीट दिसलं नसेल.’

गुनसेलीच्या जागी फेराये आली आहे. शाळा संपून वर्षही झालं नसेल. खाली बसते तेव्हा पायांच्या बोटांत हाताची बोटं घालून खेळते. पुढच्या आठवड्यात आल्पाय तिला उचलणार.

ते ऐकल्यापासून मी ‘जागी बसू दे’ मनात घोकतोय.

आल्पायने जाताना मला दुकानातून गरम पाव आणून दिला, इफ्तारसाठी. ‘होजाम, तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत ना?’ म्हणाला. मी त्याच्यावर! केवढं मन या मुलाचं. होणारी बायको माझ्यामुळे पडून आहे आणि हाच माझी माफी मागतोय.

रविवार, २६ जानेवारी

शेवटी दवाखान्यात गेलो. उस्ता नव्हते, आई होती. ती मला ओळखत नव्हती, म्हणून तिने मला खुर्ची दिली.

गुनसेली पाठीवर सरळ पडली होती. मी अंगठी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बोटात घातली नाही, गळ्यातही नाही. मुठीत धरली.

‘मला क्षमा कर, बाळ,’ मी म्हटलं.

‘होजाम, असं नका ना बोलू.’ ती छताकडे बघत होती. ‘तुम्ही असं बोललात की मला काय करावं कळत नाही.’

मी तिला बरं वाटावं म्हणून नवा शब्द सांगितला. आता तसं होणार नाही म्हटलं. फेरायेला आधी नीट शिकवू, मगच वर.

तिचा चेहरा पांढरा पडला. ‘फेरायेला कोण उचलणार?’

‘आल्पायच. दुसरं कोण?’

‘नको.’ तिने आईकडे बघितलं. आई सफरचंद सोलत होती. ‘होजाम, तुम्ही त्यांना सांगा, ते वरचं काढून टाका म्हणून.’

‘कारण काय सांगू?’

‘काहीही सांगा. तुमच्याकडे एवढे शब्द आहेत, एक कारण शोधा ना.’ मग एकदम हळू आवाजात, ‘मला सांगता येत नाही. मी शब्द दिलाय.’

मी येताना विचार करत होतो. लग्नाच्या मुलीला आपला माणूस दुसरीला उचलतो हे बघवत नसेल. त्यात ती स्वतः अशी पडलेली. स्वाभाविक आहे. पण मत्सराने माणूस असा पांढरा पडतो का? मी मत्सराला लाल झालेलं बघितलंय. हे दुसरंच काही तरी होतं, आणि ते काय असावं याचा विचार करायची माझी हिंमत होत नाही.

आज दुपारचा जोहरचा नमाज दोनदा पढलो. पहिल्या वेळी मी कुठे होतो ते आठवत नव्हतं.

मंगळवार, २८ जानेवारी

नीट लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी मिस पास्को म्हणाल्या, आज उचलताना मी काही बोलणार नाही. शब्द सगळे आधीच देऊन झाले आहेत, मुलांना त्यांच्या श्वासावर राहू द्या. मला बरं वाटलं. म्हणजे मलाही बोलायचं नव्हतं.

संगीत लागलं. आल्पायने फेरायेला कमरेत धरलं आणि वर नेलं. आणि मिस पास्को गप्प असल्यामुळे त्यांच्या ओठांकडे बघायला काही कारणच उरलं नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी हातांकडे बघितलं.

पट्टा कोपराकडे घसरला होता. त्याखालचं मनगट हळूहळू मागे चाललं होतं, जसा ओल्या लाकडात खिळा वाकतो. बोटं पांढरी. फेराये वर डोळे मिटून, मान जागी बसवून पडली होती. तिला काही माहीत नव्हतं. कोणी काही म्हटलं नव्हतं. ना इंग्रजीत, ना तुर्कीत. आणि करंगळी उघडली.

गुनसेलीच्या वेळीही हे असंच झालं होतं. ते मला त्याच क्षणी कळलं. ‘सोडू नकोस’ म्हणता येत नव्हतं. त्यात ‘सोड’ आधी येतं.

‘उतरव!’ मी ओरडलो. ‘खाली! आत्ता!’

आल्पायचे गुडघे आपोआप वाकले. ओमेर धावला आणि त्याने खालून फेरायेला झेललं. ती पायांवर उभी राहिली आणि रागाने म्हणाली, ‘काय झालं? मी चुकले का?’

संगीत चालूच होतं. कोणीतरी ते बंद केलं.

मुअल्ला हानम माझ्यापुढे आल्या. ‘बाई काय म्हणाल्या?’

‘काही नाही.’

‘मग तुम्ही कोणाचं सांगितलंत?’

‘माझं.’

आल्पाय जमिनीवर बसला होता. ओमेरने त्याचा पट्टा सोडवला. मनगट वांग्याच्या रंगाचं आणि दुप्पट. फेराये तोंडावर हात ठेवून मागे सरकली.

‘होजाम,’ आल्पाय म्हणाला, मान खालीच, ‘त्या दिवशी तुमचा शब्द मला ऐकूच आला नव्हता. हात आधीच गेला होता. सगळे म्हणाले शब्दाने झालं, मग मी पण...’

मुअल्ला हानम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मिठाईचा डबा घेऊन त्या का उभ्या राहिल्या होत्या, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

‘प्रयोग तोंडावर आहे, बहात्तिन बे,’ त्या म्हणाल्या. ‘ती उचल काढून टाकू. मुलालाही विश्रांती देऊ. पण हे या खोलीबाहेर न्यायची गरज आहे का?’

‘होजाम, तिच्या बाबांना कळलं तर ते शब्द मोडतील,’ आल्पाय म्हणाला. ‘पाया पडतो तुमच्या.’

मला वाटलं होतं, या ओझ्यातून सुटलो तर मी मशिदीत जाऊन रडेन. सुटलो, आणि दुसरंच ओझं चढलं. कारण मी फाटकाशी उभं राहून उस्तांना जे सांगितलं, ते तेव्हा मला खरं वाटत होतं. आता गप्प बसलो तर आजपासून ते खोटं होईल, आणि ते माझं असेल. मुअल्ला हानमचं नाही, मुलाचं नाही.

आल्पायला विचारलं, उद्या दवाखान्यात उस्तांना खरं सांगायला माझ्याबरोबर येशील का? तो डाव्या हाताने बुटाची नाडी बांधत बसला, ती सुटत होती आणि तो पुन्हा बांधत होता. फाटकाशी येईन, एवढंच शेवटी म्हणाला. आत येईन असं म्हणाला नाही.

हाजेरला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग जा की. त्यात घाबरायचं काय?’

मी तिला समजावू शकलो नाही. जन्मभर मी दुसऱ्याचं बोलणं पुढे नेलं. आधी कोणीतरी बोलायचं, चांगलं वाईट जे काय ते त्याचं, मग मी. उद्या दवाखान्यात उस्ता बाकावरून उठतील आणि माझ्या तोंडाकडे बघतील, आणि तिथे माझ्या आधी इंग्रजीत कोणी बोललेलं नसेल.